नाणे रोमन आहे काय?

नेवाशाच्या शाळेत एखाद्या मुलाने शेतात सापडलेले चांदीचे नाणे आणून दाखवले, तर शिक्षकांनी काय करावे? १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकलिया यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थरांत रोमन पद्धतीच्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. तेव्हा नाणे रोमन असणे अशक्य नाही.

आधी एक विनंती. ते चिंचेने किंवा राखेने घासू नये. वरचा काळपट थर हाही पुरावाच असतो.

उजवीकडे पाहणारे मस्तक आणि भोवती युरोपीय वाटणारी अक्षरे दिसली की आपण 'रोमन' म्हणून मोकळे होतो. पण क्षत्रप राजा नहपान याची नाणीही अशीच दिसतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली ती तेरा हजारांहून अधिक सापडली. त्यांवरील अक्षरे ग्रीक वळणाची असून मागे बाण व वज्र असते. वजन सुमारे २ ग्रॅम. ऑगस्टस व टायबेरियस यांचा डिनारियस (संस्कृतातला 'दीनार' याच शब्दावरून आला) एका रोमन पौंडात ८४ या हिशेबाने पाडत, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम. झिजलेला थोडा कमी भरेल. इ.स. ६४ मध्ये नीरोने तो ३.४ ग्रॅमवर आणला. सोनाराच्या काट्यावर एवढा फरक सहज कळतो.

आता कड भिंगातून पाहावी. खरे नाणे ठशाखाली हातोड्याने ठोकलेले असते. कडेला जोडाची रेघ किंवा पृष्ठावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर ते बहुधा ओतीव आहे.

मग आर्किमिडीज. ३.७ ग्रॅमचे नाणे दोऱ्याने पाण्यात टांगले, तर शुद्ध चांदीचे वजन सुमारे ०.३५ ग्रॅमने घटते, कथलाचे ०.५ ग्रॅमने. घट शतांश ग्रॅमने चुकली तरी घनता १०.६ ची १०.३ होते, म्हणून पाच वेळा मोजावे. घनता कमी आली, तरी नाणे आजचेच बनावट असे ठरत नाही! तांब्यावर चांदी चढवून फसवणारे रोमन काळातही होते. आणि आजचा लबाड खरी चांदीही वापरू शकतो. आपल्या चाचण्या चुकीचे पर्याय खोडतात, एवढेच, निर्णय नाणेतज्ज्ञाचा.

मात्र नाणे कोठे, किती खोलीवर, कशासोबत मिळाले, हे कोणताही काटा सांगणार नाही. मुलाकडून ते त्याच दिवशी लिहून घ्यावे, विहिरीपासूनचे अंतर दाखवणारा नकाशाही काढून घ्यावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तो नकाशा त्या अर्जासोबतच जोडावा.