लॅपटॉपच्या वायरीवरची अक्षरं वाचा

शिवडी, परळ, लालबागमधून गणपतीला नि शिमग्याला गावी जाणाऱ्या सामानात हल्ली जुना लॅपटॉप असतो. मुलाने नवा घेतला की जुना जातो गावच्या भाचीला, नाहीतर बचतगटाच्या हिशेबाला. तो चालू होतो का, पडदा फुटलाय का, हे सगळे बघतात. पण भिंतीवरच्या सॉकेटपासून चार्जरच्या ठोकळ्यापर्यंत जाणाऱ्या काळ्या वायरीकडे कोणी बघत नाही. आज तिच्याबद्दल बोलू.

ऑगस्ट २०१४ मध्ये एचपी कंपनीने अशा वायरी परत मागवल्या. एकट्या अमेरिका आणि कॅनडात त्या सुमारे ६० लाख होत्या, आणि बदलून देण्याची योजना जगभरच्या ग्राहकांसाठी होती. सप्टेंबर २०१० ते जून २०१२ या काळात एचपी आणि कॉम्पॅक लॅपटॉपबरोबर त्या विकल्या गेल्या होत्या. वायर तापते, वितळते, काळी पडते अशा २९ तक्रारी आल्या होत्या. दोघांनी किरकोळ भाजल्याचं कळवलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लेनोवो कंपनीनेही तीच खूण असलेल्या वायरी परत मागवल्या. वायरीचं जे टोक चार्जरच्या ठोकळ्यात बसतं, त्यावर इंग्रजीत एल, एस आणि पुढे १५ असं उठावाने लिहिलेलं असे.

अशा परत मागवण्याला रिकॉल म्हणतात. वस्तू धोक्याची निघाली, वापरणं थांबवा, आम्ही फुकट बदलून देतो, असं कंपनीने जाहीर करायचं. चांगली पद्धत आहे, पण ही बातमी पोचते कोणाकडे? ज्याने दुकानातून नवा माल घेतला त्याच्याकडे, तीही झाली तर. लॅपटॉप तिसऱ्या हाती गेला की निरोप तिथेच संपतो. शिवाय लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुना लॅपटॉप एका कंपनीचा आणि वायर दुसऱ्याच कंपनीची, असं सहज होतं. म्हणून लॅपटॉपवरचं नाव पुरत नाही, वायरच वाचावी लागते. अक्षरं बारीक असतात. उन्हात धरा, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

२०१६ चं मायक्रोसॉफ्टचं उदाहरण तर आपल्या सवयीचंच आहे. सरफेस प्रो या त्यांच्या यंत्रांच्या वायरी फेब्रुवारीत परत मागवल्या. वायर फार दिवस घट्ट गुंडाळली, मुरगळली किंवा दाबली गेली की खराब होऊन तापत होती. का, ते सांगते. आत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा असतात. त्याच जागी वाकवत राहिलं की त्या एकेक तुटतात. मग उरलेल्या थोड्या तारांतून सगळी वीज जाते आणि ती जागा गरम होते. वरून रबर धडधाकट दिसतं. चार्जरच्या ठोकळ्याभोवती वायर आवळून गुंडाळणाऱ्या आपण सगळ्याच आहोत! सैल वेटोळं करा. हात लावल्यावर एकाच ठिकाणी गरम लागली, किंवा हलवल्यावर चार्जिंग येऊ-जाऊ लागलं, तर ती वायर बाद.

आणखी एक: मोठ्या कॉम्प्युटरची वायर काही विजेच्या किटलीला बसते. बसते म्हणून लावू नका. किटली कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते.

नवी घेताना वायरीवर आयएसआय चिन्ह बघा. चार्जरच्या ठोकळ्यावर इंग्रजी आर आणि पुढे आठ आकडे असतात. दोन्ही नंबर बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतात.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. पण तक्रारच गेली नाही तर त्याला कळणार कसं? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वायरीचा, तिच्यावरच्या अक्षरांचा फोटो आणि पावती जपून ठेवा, मग फोन करा.

जुनी वायर एल एस १५ निघाली, तर आज ती बदलून मिळो न मिळो, वापरू नका. सॉकेटमधून काढा, मधोमध कापा आणि मगच ई-कचऱ्यात द्या. अख्खी दिली तर ती पुन्हा कोणाच्या तरी घरी लागेल.