तूप अंगी का लागत नाही?

1980च्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जीवरसायनशास्त्रज्ञ एन. अप्पाजी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या 1,12,269 नवजात बाळांच्या रक्ताची तपासणी केली. अमिनो आम्लांच्या चयापचयात जन्मतः बिघाड असलेली बाळं त्यांना शोधायची होती. भारतातल्या नवजात तपासणीच्या इतिहासात हे काम फार मोलाचं आहे. त्याच काळात बंगळुरू-म्हैसूर भागातल्या पाहणीत साधारण एकतृतीयांश विवाह रक्ताच्या नात्यातले, मामा-भाचीचे किंवा आतेमामे भावंडांचे, असल्याचं दिसून आलं. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडेही अनेक घरांत आहे.

नात्यातल्या लग्नाचा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. काही आजारांत बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली तरच मूल आजारी पडतं. एकच बिघडलेली प्रत असलेले आईवडील स्वतः ठणठणीत असतात. दोघांकडेही ती असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी आजाराची शक्यता असते. नातं जवळचं असेल तर दोघांकडे तोच बिघाड असण्याचा संभव वाढतो. सिस्टिक फायब्रोसिस हा याच जातीचा आजार आहे. अप्पाजी रावांच्या तपासणीचा तो विषय नव्हता, आणि आजही आपल्या देशात प्रत्येक नवजात बाळाची त्यासाठी तपासणी होत नाही.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, असं आपल्याकडचे डॉक्टरही बरीच वर्षं मानत होते. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. इथे तो युरोपच्या मानाने विरळ आहे हे खरं. पण विरळ असणं वेगळं आणि न ओळखला जाणं वेगळं. मूल खातं भरपूर, पण अंगी लागत नाही, सारखा खोकला, शी भरपूर, तेलकट आणि उग्र वासाची. अशा मुलाला आपल्याकडे कुपोषण, जंत किंवा क्षयरोग असल्याचं सहज गृहीत धरलं जातं. घरचे तूप वाढवतात, टॉनिक आणतात, नाचणीचं सत्त्व देतात. मूल मात्र सुकतच जातं.

याचं मूळ सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे. लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॅक रिओर्डन या शास्त्रज्ञांच्या गटांनी ते 1989 साली शोधलं. पेशींच्या आवरणातून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची ये-जा होण्याची वाट या जनुकाच्या सांगण्यावरून बनते. ती वाट बंद झाली की अवयवांतले स्राव दाट आणि चिकट होतात. घामात मात्र उलट घडतं. तिथे मीठ परत शोषलं जात नाही, म्हणून घाम फार खारट होतो. बाळाचा पापा घेताना ओठांना मीठ लागतं. न्यूयॉर्कमध्ये 1948च्या उष्णतेच्या लाटेत ही मुलं जास्त संख्येने कोसळू लागली, त्यावरून डॉ. पॉल दि सांत'अग्नेझे यांना घामातलं मीठ सापडलं. आजही निदानाची मुख्य चाचणी घामाचीच आहे. लिटरमागे 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराइड आढळलं की या आजाराची दाट शंका घेतात.

आता या दाट स्रावांचा जीवनसत्त्वांशी काय संबंध, ते पाहू. निरोगी माणसाचं स्वादुपिंड दिवसाला साधारण दीड लिटर रस आतड्यात सोडतं. त्यातलं बायकार्बोनेट जठरातून आलेलं आम्ल शमवतं आणि लायपेज हे विकर चरबी फोडतं. साबणाने तेलकट भांडं सुटावं तशी पित्तातले क्षार ही फुटलेली चरबी पाण्यात विरघळवतात. सिस्टिक फायब्रोसिसच्या बहुसंख्य रुग्णांत दाट रसाने स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात, काहींत तर जन्माआधीच. विकरं आतड्यापर्यंत पोहोचत नाहीत. तिथलं आम्ल शमत नाही, त्यामुळे पित्ताचे क्षारही नीट काम करू शकत नाहीत. पोटात गेलेल्या तुपाचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी. तूप बाहेर गेलं की तीही त्याच्याबरोबर जातात. पाण्यात विरघळणाऱ्या ब गटातल्या आणि क जीवनसत्त्वांचं सहसा एवढं अडत नाही.

मला या आजारातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही वाटते. मिठाची एक सूक्ष्म वाट बंद होते आणि त्याचा परिणाम संध्याकाळी अंधुक दिसण्यापासून जखमेतलं रक्त न थांबण्यापर्यंत पोहोचतो. अ कमी पडलं की रातांधळेपणा येतो, डोळ्यांचं बाह्यावरण कोरडं पडतं. ड कमी पडलं की नाचणीतलं भरपूर कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही, हाडं कमकुवत होतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तरी रोज रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, खाणाऱ्या बंगळुरूच्या मुलालाही ते पुरेसं मिळेल याची खात्री नाही. के रक्त गोठण्यासाठी लागतं. त्यातलं काही आपल्या आतड्यातले जिवाणू बनवतात, पण या मुलांना दाट स्रावांमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या संसर्गासाठी वारंवार प्रतिजैविकं घ्यावी लागतात आणि त्या जिवाणूंचाही ऱ्हास होतो.

ई जीवनसत्त्वाची गोष्ट मनाला लागते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 1985 पासून नवजात बाळांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाचं निदान जन्मताच कळवलं गेलं, दुसऱ्याचं लक्षणं दिसल्यावर किंवा पुढे झालं. उशिरा निदान झालेल्या आणि तेव्हा ई फार कमी असलेल्या मुलांचे बौद्धिक चाचण्यांतले गुण वर्षांनंतरही कमी आढळले. वाढत्या मेंदूचे ते महिने पुन्हा मिळत नाहीत.

या आजाराला स्वतंत्र नाव मिळालं त्या कथेतही जीवनसत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयातल्या रोगविज्ञानतज्ज्ञ डोरोथी अँडरसन यांनी मृत बालकांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या आणि 1938 साली स्वादुपिंडाच्या या विकाराचं सविस्तर वर्णन केलं. त्या बालकांमध्ये अ जीवनसत्त्वाच्या अभावाच्या खुणा ठळक होत्या. फुप्फुसांची हानी त्यामुळेच होते असं त्यांना वाटलं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण आजार पकडला गेला.

पुढे कित्येक वर्षं चरबी पचत नाही म्हणून या मुलांना चरबीच देत नसत. टोरांटोत डॉ. डग्लस क्रोझियर यांनी उलटी वाट धरली: विकरं भरपूर द्या आणि लोणी, दूध, अंडी मनसोक्त खाऊ द्या. 1988 साली टोरांटो आणि बोस्टनच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. फुप्फुसांची स्थिती सारखीच, पण टोरांटोच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान 30 वर्षं आणि कमी चरबी देणाऱ्या बोस्टनमध्ये 21. आपल्या आजीचं तूप वाढण्याचं मन बरोबरच होतं. त्या तुपासोबत विकराची कॅप्सूल हवी, एवढंच तिला माहीत नव्हतं. ही विकरं डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. शाकाहारी घरांना हे ऐकणं जड जातं, पण डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं आणि घरच्यांनी औषध म्हणून स्वीकारावं, असं मला मनापासून वाटतं.

विकरं घेऊनही शोषण पूर्ण होत नाही, म्हणून ही जीवनसत्त्वं रोज, नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत आणि जेवणातल्या चरबीबरोबर विकरांसह घ्यावी लागतात. आपल्या सरकारी मोहिमेत बालकांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देतात. सगळ्यांना सरसकट तो द्यावा का, असा प्रश्न बंगळुरूच्याच सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे अनुरा कुर्पाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाचा हिशेब या वादाच्या बाहेरचा आहे. त्याला रोजचा डोस लागतो, आणि तो रक्त तपासूनच ठरवावा लागतो. अ साचलं तर यकृताला अपाय होतो. जनुकाच्या बिघाडावरच काम करणारी नवी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांत शोषण सुधारून अ ची पातळी चढल्याचंही दिसलं आहे. अमेरिकेत 2019 साली मंजूर झालेली तीन औषधांची गोळी युरोपात सर्रास आढळणाऱ्या बिघाडासाठी बनली. भारतीय रुग्णांत तो बिघाड बराच कमी आढळतो. किंमतही बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून विकरं, मीठ, आहार आणि ही चार जीवनसत्त्वं हाच आपल्याकडे उपचाराचा मोठा आधार आहे.

2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे. त्याखालच्या केंद्रांत बंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स आणि मुंबईचं केईएम रुग्णालय येतात. तुमच्या घरात किंवा शेजारी भरपूर खाऊनही वाळणारं, सतत खोकणारं, घाम खारट असलेलं मूल असेल, तर पुढचं टॉनिक आणण्याआधी बालरोगतज्ज्ञांना घामाच्या चाचणीबद्दल विचारा. आणि निदान झालं असेल, तर मूल बरं दिसतंय म्हणून जीवनसत्त्वं मनाने बंद करू नका. वर्षातून एकदा तरी रक्तातली पातळी तपासून घ्या.