समुद्राच्या पोटातील कोलाहल

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या भागातील कित्येक वृद्धांनी आयुष्यात एकदाही समुद्र पाहिलेला नसेल. त्यामुळे देवमासे आणि डॉल्फिन यांच्या व्यथेशी आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र गोंगाट म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळून जाताना छातीत होणारी धडधड, शेजारच्याचे बोलणेही ऐकू न येणे, लहान मुलाचे दचकून रडणे हे सारे आपण अनुभवले आहे. आपण निदान दार लावून घेऊ शकतो आणि मिरवणूक पुढे गेली की शांतता परतते. ज्यांच्या घराला दार नाही आणि ज्यांच्या दारावरची मिरवणूक कधी संपतच नाही, अशा जीवांविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

ऐकणे हेच पाहणे

देवमासा आणि डॉल्फिन यांना आपण बोलीत मासे म्हणत असलो तरी ते सस्तन प्राणी आहेत. ते फुप्फुसांनी श्वास घेतात व पिलांना दूध पाजतात. त्यांचे सारे जीवन ध्वनीवर उभे आहे. समुद्रात सूर्यप्रकाश फार खोल जात नाही; २०० मीटरखाली अंधुक उजेड आणि १,००० मीटरखाली पूर्ण अंधार असतो. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात तर थोड्या अंतरावरचेही दिसत नाही. याउलट ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. खर्जातील आवाज तर पाण्यातून शेकडो किलोमीटर दूर पोहोचू शकतो.

डॉल्फिन सूक्ष्म टकटक आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीवाटे कानापर्यंत घेतो. त्यावरून भक्ष्य कोठे आहे व खडक कोठे आहे, हे त्याला कळते. निळ्या देवमाशाची हाक इतकी खर्जातील असते की तिचा काही भाग मानवी कानाला ऐकूच येत नाही. पण दूरवरच्या दुसऱ्या देवमाशाला ती ऐकू जाते. जोडीदार शोधणे, पिलाला जवळ ठेवणे, कळपाने एकत्र राहणे हे सर्व या हाकांवरच चालते.

गोंगाट कोठून येतो?

सर्वांत मोठा आणि अखंड उगम म्हणजे मालवाहू जहाजे. जहाजाचा पंखा वेगाने फिरताना पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होतात व फुटतात. त्यांच्या फुटण्याचा आवाज नेमका देवमाशांच्या हाकेच्या पट्टीतच असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ केलेल्या मोजणीत १९६० च्या दशकापासून २००३-०४ पर्यंत खर्जातील आवाज १० ते १२ डेसिबलने वाढल्याचे आढळले. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाढीचा अर्थ कळतो.

याखेरीज समुद्रतळाखाली खनिज तेल शोधताना दाबाखालील हवेचे बार काही सेकंदांच्या अंतराने, आठवडेच्या आठवडे उडविले जातात. बंदरे व पवनचक्क्या बांधताना तळात खांब ठोकले जातात. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी युद्धनौका तीव्र ध्वनिलहरी सोडतात.

परिणाम

पहिला परिणाम म्हणजे हाक बुडून जाणे. गोंगाटात हाक पोहोचत नाही, प्रतिध्वनी ओळखू येत नाही आणि नेहमीची चरण्याची जागा सोडून जावे लागते.

दुसरा परिणाम शरीरावरील ताणाचा. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाज वाहतूक काही दिवस रोडावली. तेथील आवाज ६ डेसिबलने उतरला, म्हणजे तीव्रता चौथाईवर आली. त्याच सुमारास राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतील ताणदर्शक संप्रेरकांचे प्रमाणही घटल्याचे अभ्यासकांना आढळले. हे प्राणी एरव्ही सतत ताणाखाली जगत असावेत, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरा परिणाम प्रत्यक्ष मृत्यूचा. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ देवमासे व डॉल्फिन किनाऱ्याला लागले. अमेरिकी नौदलाच्या ध्वनियंत्रणेचा त्याच्याशी संबंध असल्याचे तेथील सरकारी अहवालातच मान्य करण्यात आले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर नौदल सरावाच्या वेळी १४ चोचवाले देवमासे किनाऱ्याला लागले. तपासलेल्या मृत प्राण्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे सापडले. खोल बुडी मारणारा प्राणी घाबरून आपली नेहमीची रीत सोडून वागला तर असे होऊ शकते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

आपल्या देशातही असा अभ्यास झालेला आहे. गंगेतील डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो. ध्वनी हीच त्याची दृष्टी. बिहारमधील भागलपूरजवळच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरलेले असताना यांत्रिक नौकांचा गोंगाट वाढला की या डॉल्फिनांना आवाज काढण्याची रीत बदलावी लागते व अधिक शक्ती खर्च करावी लागते, असे त्यात दिसून आले. आटलेली नदी आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या जीवांचे हाल यांविषयी मराठवाड्याच्या वाचकांना अधिक सांगणे नलगे.

महाराष्ट्राचा किनारा

आपल्या कोकणकिनाऱ्यालगत कुबड असलेला हंपबॅक डॉल्फिन राहतो. तो उथळ पाणी सोडून फारसा दूर जात नाही. म्हणजे बंदरे, मासेमारी नौका आणि पर्यटकांच्या यांत्रिक होड्या जेथे आहेत, नेमके तेच त्याचे घर. जगभरात ही जात संकटग्रस्त मानली गेली आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. भराव, खांब ठोकणे आणि पुढे जहाजांची ये-जा यांमुळे पाण्यातील आवाज वाढणार, हे उघड आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जून २०१५ मध्ये अलिबागजवळील रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक देवमासा जिवंत लागला व तेथेच मरण पावला. अशा प्रत्येक मृत्यूचे खापर गोंगाटावर फोडणे योग्य नव्हे. आजार, जाळी, जहाजाची धडक अशी अनेक कारणे असू शकतात.

उपाय आहे काय?

या प्रदूषणाचे एक वैशिष्ट्य फार आशादायक आहे. प्लास्टिक शतकानुशतके उरते, सांडलेले तेल वर्षानुवर्षे चिकटून राहते. आवाज मात्र थांबविला की त्याच क्षणी नाहीसा होतो. कॅनरी बेटांच्या परिसरात २००४ मध्ये स्पेनने नौदलाच्या ध्वनियंत्रणेवर बंदी घातली आणि त्यानंतरच्या वर्षांत तेथे तसे सामूहिक मृत्यू घडले नाहीत. कॅनडातील व्हँकुव्हर बंदराच्या परिसरात २०१७ पासून जहाजे स्वेच्छेने वेग कमी करतात. जर्मनीच्या समुद्रात खांब ठोकताना भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभारून आवाज अडविला जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांचा आवाज कमी करण्याविषयी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या व २०२३ मध्ये त्या सुधारल्या. मात्र त्या ऐच्छिक आहेत. भारताचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम हवेतील आवाजापुरते आहेत.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या उसाला घातले जाणारे पोटॅश परदेशातून जहाजानेच येते. आपल्या कढईतील पामतेल आणि दुचाकीतील इंधन यांचाही बहुतांश प्रवास समुद्रातून होतो. बीडला समुद्र नसला तरी बीडचा संसार समुद्रावरून चालतो, आणि त्या जहाजांच्या आवाजात आपलाही वाटा आहे. जहाजे थांबवा, असे आम्ही म्हणत नाही. ती थोडी सावकाश चालावीत, त्यांचे पंखे सुधारावेत आणि आपल्या किनाऱ्यावर जे बांधले जाईल ते पाण्याखालच्या जीवांचा विचार करून बांधले जावे, एवढे मागण्याचा अधिकार किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांइतकाच आपलाही आहे.

पुढच्या मिरवणुकीत कानांवर हात ठेवण्याची वेळ येईल तेव्हा, वाचकहो, ज्यांना कानांवर ठेवावयास हात नाहीत, त्यांचीही आठवण व्हावी.