कोबीच्या लेकुरवाळ्या झाडाचा पास्ता

'स्प्राउट' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोड आलेली मटकी येते. पण विलायतेत नोकरीसाठी गेलेल्या आपल्या लेकीसुना पहिल्या हिवाळ्यात बाजाराला जातात, तेव्हा 'ब्रसेल्स स्प्राउट्स' या पाटीखाली त्यांना दिसतात त्या कोबीच्या लिंबाएवढ्या, घट्ट मिटलेल्या हिरव्या गड्ड्या. थंडीत ही भाजी तेथे स्वस्त असते. काम करून थकून आलेल्या बाईला ती सोयीची वाटते व ती पिशवीभर घेऊन येते.

पुढे घरोघरी एकच अनुभव. भाजी उकडली की घरभर खराब अंड्यासारखा वास, ताटात काळपट मऊ गोळे आणि मुलांची तोंडे वाकडी. शेवटी सगळे कचऱ्याच्या डब्यात. पैसा गेला, वेळ गेला, वर लेकरांना बोलणी बसली ती वेगळीच. यात दोष मुलांचा नाही आणि भाजीचाही नाही. दोष शिजवण्याच्या पद्धतीचा आहे.

भाजी कोणती?

आपला कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ही भाजी हे सारे एकाच जातीच्या वनस्पतीचे प्रकार आहेत. नवलकोलाचा आपण फुगलेला दांडा खातो, फुलकोबीचा फुलोरा खातो. ब्रसेल्सच्या कोबीचे झाड मात्र कमरेएवढे उंच वाढते आणि त्याच्या सरळ खोडावर, प्रत्येक पानाच्या बगलेत, एकेक छोटी गड्डी धरते. बेल्जियमच्या ब्रसेल्स शहराच्या आसपास ती फार पूर्वीपासून पिकत आली म्हणून तिला ते नाव पडले. कडाक्याची थंडी पडली की झाड आपल्या पेशींत साखर साठवते. त्यामुळे दहिवर खाल्लेली भाजी गोड लागते.

१०० ग्रॅम कच्च्या भाजीत सुमारे ८५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. तेवढ्याच वजनाच्या संत्र्याच्या गरापेक्षा हे जास्त आहे. पण भाजी उकडून पाणी ओतून दिले, तर त्यातले बरेचसे मोरीत जाते.

वास आणि कडूपणा

मोहरी वाटली की नाकात झणका जातो. कोबीचे कुळ तेच. या भाजीत गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती जास्त वेळ उकळत राहिली की त्यांच्यातून खराब अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. इंग्रज घरांत गड्डीच्या बुडाला फुलीसारखी चीर देऊन ती भरपूर उकडण्याची जुनी पद्धत होती. त्या चिरेतून पाणी आत शिरते आणि भाजी आणखी पचपचीत होते.

कडूपणाचे कारणही आता कळले आहे. हॉलंडमधील एका बियाणे कंपनीतले शास्त्रज्ञ हान्स व्हान डोर्न यांनी १९९० च्या दशकात कडवटपणा आणणारी दोन द्रव्ये शोधून काढली. त्यानंतर बियाणेवाल्यांनी जुन्या, कमी कडू वाणांचा भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी संकर केला. म्हणून आज मिळणारी भाजी पूर्वीइतकी कडू राहिलेली नाही.

शिवाय सर्वांची जीभ सारखी नसते. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सना मात्र चवच कळली नाही. हा फरक जन्मजात असतो, आणि त्यामागचे जनुक २००३ साली सापडले. याच कुळातला कडूपणा कोबीवर्गीय भाज्यांतही असतो. म्हणून "एकाने खाल्ले, तुला काय झाले?" असे लेकराला रागावण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्याला खरोखरच जास्त कडू लागत असेल.

पास्त्याशी जोडी

पास्ता हे नाव परके असले तरी वस्तू ओळखीची आहे. आपल्या शेवया आणि सरगुंडे यांचाच तो इटालियन भाऊबंद. तो डुरम या कठीण गव्हाच्या रव्याचा करतात. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. इटलीच्या दक्षिणेकडील पुलिया प्रांतात कानाच्या पाळीच्या आकाराचा पास्ता आणि कडवट पालेभाजी एकाच भांड्यात उकडून लसूण-मिरचीच्या तेलात परततात. कडू भाजीला पिठूळ सोबत द्यायची आणि वर तिखट, खारट चव आणायची, ही त्यातली युक्ती. तीच येथे उपयोगी पडते.

साहित्य (चार माणसांसाठी)

ब्रसेल्स स्प्राउट्स अर्धा किलो, कोरडा पास्ता ४०० ग्रॅम, लसणाच्या ५-६ पाकळ्या, अर्धा चमचा कुटलेली लाल मिरची, तेल ४ मोठे चमचे, अर्धे लिंबू, शिळ्या पावाचे २ तुकडे, मीठ. पोटभरीसाठी वाटीभर उकडलेले छोले घालावेत. इटलीतही पास्ता आणि छोले ही जुनी जोडी आहे.

कृती

मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी २ मोठे चमचे मीठ घालून उकळायला ठेवावे. तोवर गड्ड्यांचे बूड व पिवळी पाने काढून उभे दोन भाग करावेत. पाव चुरून चमचाभर तेलात खरपूस परतून बाजूला ठेवावा.

उरलेले तेल लोखंडी तव्यात किंवा पसरट कढईत चांगले तापवावे. गड्ड्या कापलेली बाजू खाली करून एका थरात मांडाव्यात आणि पाच मिनिटे अजिबात हलवू नयेत. येथेच सगळे कसब आहे. सारखे ढवळले की भाजीला पाणी सुटते व ती उकडली जाते. शांत राहू दिली की तळ तांबूस होतो आणि गोडी येते. मग उलटून आणखी तीन-चार मिनिटे ठेवावे. लसूण व मिरची शेवटी घालावी, नाहीतर लसूण जळून कडू होतो.

दरम्यान पास्ता उकळत्या पाण्यात टाकावा व पाकिटावरील वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढावा. त्यातले कपभर पाणी राखून ठेवावे. पास्ता, छोले आणि थोडे थोडे ते पाणी कढईत घालून मोठ्या आचेवर मिनिटभर हलवावे. पाण्यातल्या पिठाने तेल मिळून येते आणि सारे चकचकीत दिसते. खाली उतरवून लिंबू पिळावे, वर पावाचा चुरा पसरावा. अर्ध्या तासात चार ताटे तयार.

गरिबांचे चीझ

हा पावाचा चुरा केवळ शोभेचा नाही. दक्षिण इटलीतल्या ज्या घरांना चीझ परवडत नसे, ती घरे पास्त्यावर तळलेला शिळा पाव भुरभुरवत. शिळा तुकडाही वाया जाऊ नये, ही त्यामागची शहाणीव. आज महागड्या हॉटेलांतही तो चुरा मानाने वाढला जातो.

एक सावधगिरी

घरात कोणी रक्त पातळ करणारे वॉरफरिन हे औषध घेत असेल, तर ही भाजी अचानक जास्त प्रमाणात देऊ नये. तिच्यातील 'के' जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आपल्याकडे ही भाजी क्वचित आणि महाग मिळते. तिच्यासाठी खिशाला चाट लावून घेण्याची गरज नाही. साधा कोबी जाड उभा चिरून असाच तव्यावर न हलवता तांबूस केला, तर तीच गोडी येते. आणि शेवटचे म्हणजे, पाव चुरणे, लसूण सोलणे, पास्त्याची वेळ पाहणे ही कामे घरातल्या पुरुषांना व मुलांना सहज जमण्यासारखी आहेत. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने गड्ड्या मांडल्या, तो एकतरी चाखून पाहीलच.