आईच्या खोलीतले स्पीकर

सकाळी साडेसहाला आमच्या घरात भीमसेनजींचे अभंग लागतात, हा वडिलांच्या वेळेपासूनचा रिवाज. आईने आता ऐंशी ओलांडली आहे. गुडघ्यांमुळे मागच्या खोलीतून हॉलपर्यंत येणे होत नाही, ऐकूही कमी येते. तिच्यासाठी हॉलमधला आवाज वाढवावा, तर शेजारी कुरकुरतात आणि सौ.चे डोके दुखते. माळ्यावर वडिलांचे जुने स्पीकर पडून होते. म्हटले, तेच आईच्या उशाशी ठेवावेत.

रिसीव्हरला स्पीकरची एकच जोडी लावायची सोय. वायरमन म्हणाला, "काय होत नाही सर, ह्याच्यातच जोडून टाकतो की!" आणि दोन्हीकडच्या वायरी एकत्र पिळून त्याने बसवल्या. आई खूश. पण अभंग रंगात आला, पखवाज चढला, की रिसीव्हर 'टक्' करून बंद! वरचे झाकण चटका बसेल इतके तापलेले. गार झाला की चालू, पुन्हा टक्. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "राहू दे रे. माझ्यापायी वडिलांच्या नंतर घेतलेली वस्तू जाळू नकोस. मी आपली जपमाळ ओढते." हे मात्र मला लागले.

मी मराठी शिकवणारा माणूस. स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या सरांपुढे गाऱ्हाणे मांडले. त्यांनी एकच विचारले, "रिसीव्हरच्या पाठीवर किती ओहम लिहिलेत?" घरी जाऊन पाहिले : किमान 6. हॉलमधले स्पीकर 8 ओहमचे. जुन्यांवरचा कागद पुसून गेलेला. सरांनी संध्याकाळी येऊन, वायर सोडवून, मल्टिमीटर लावला. आकडा आला 3.4. मीटर बॅटरीच्या प्रवाहावर मोजतो, त्यामुळे तो छापील आकड्यापेक्षा थोडे कमीच दाखवतो. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो. म्हणजे आमचे जुने 4 ओहमचे.

"मग 8 आणि 4 बारा झाले, भीती कसली?" मी म्हटले. सर हसले. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला विरोध. एकाच टाकीला दुसरा नळ जोडला तर विरोध वाढत नाही, पाणी जास्त वाहते. असे शेजारी शेजारी जोडले, की 8 आणि 4 चा गुणाकार 32, त्याला बेरजेने, म्हणजे 12 ने भागायचे. उत्तर सुमारे 2.7. एकट्या 8 ओहमच्या स्पीकरपेक्षा तिप्पट प्रवाह! रिसीव्हर बिचारा स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होता, आणि मी कंपनीला शिव्या घालत होतो.

जुन्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला 4, 8, 16 ओहमची वेगवेगळी टोके असायची. तिथे स्पीकर खरोखर 'जुळवावा' लागे. आताच्या ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरला जास्त ओहम चालतात, आवाज थोडा कमी येतो इतकेच. लिहिल्यापेक्षा खाली जायचे नाही. त्यातही छापील आकडा ठोकळ असतो, गाणे चालू असताना विरोध सुराप्रमाणे वर-खाली होत राहतो.

एकामागे एक जोडले असते तर खरोखरच 12 झाले असते आणि रिसीव्हर सुरक्षित राहिला असता. पण मग शक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा आईच्या वाट्याला! ज्याला कमी ऐकू येते त्यालाच कमी आवाज, हा न्याय काही पटेना.

शेवटी मार्ग निघाला तो रिसीव्हरच्या पाठीवरच्या 'टेप आउट' या भोकांतून. पूर्वी कॅसेटवर गाणी भरून घ्यायला ती वापरत. तिथून शिल्डेड वायर आईच्या खोलीत नेली आणि 4 ओहम पेलणारा एक लहान अॅम्प्लिफायर तिच्या टेबलावर ठेवला. टेप आउटवर हॉलमधल्या आवाजाच्या बटणाचा परिणाम होत नाही. आईला तिचे स्वतःचे बटण मिळाले.

काल सकाळी तिने आतून हाक मारली, "हॉलमधला जरा बारीक कर बघू, मला दोन दोन भीमसेन ऐकू येतायत!"