लेकरू एकाएकी गप्प झालंय, पदर सोडत नाही? रागवण्याआधी हे वाचा

दसरा झाला की आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. ट्रॅक्टरवर संसार चढतो आणि बऱ्याच घरात तीन-चार वर्षांचं लेकरू आजी-आजोबांकडं मागं राहतं. मग आठ-दहा दिवसांत आजीची तक्रार सुरू होते. "चांगलं खेळणारं पोरगं, आता पदर सोडंना. पाणी आणायला निघाले तरी मागं रडत येतंय." कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं लाडानं शेफारलं. खरं तर ते भ्यालेलं असतं.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ आई नजरेआड झाली की रडतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तीन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांचं हे रडणं कमी होतं, कारण आई गेली तरी परत येते हा भरवसा बसलेला असतो. सकाळी उठल्यावर आई दिसलीच नाही, की हा भरवसा मोडतो. आई गेली तशी आजीपण जाईल, म्हणून तिला धरून ठेवायचं, एवढाच त्या जिवाचा हिशोब. तोंडानं सांगता येत नाही ते अंगावर दिसतं. झोपेत दचकणं, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत लागणं, अंगठा चोखणं, घास तोंडात धरून बसणं. यातलं काहीच ते मुद्दाम करत नाही, तेव्हा अंथरूण ओलं झालं म्हणून मारू नका.

आई-बाप गावातच असले तरी असं होऊ शकतं. घरात नवीन बाळ आलं, कुणी वारलं, रोजची भांडणं-दारू, अंगणवाडीचे पहिले दिवस, यातलं काहीही कारण असू शकतं. दुखणंही असू शकतं, म्हणून आधी अंग बघा. ताप, पोटदुखी, संडास घट्ट होणं, जंत. कान दुखत असेल तर लहान मूल नीट सांगत नाही, नुसता कान ओढतं नि किरकिर करतं. शंका आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आणा.

आता टोळीवर जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडं लेकरू झोपलं की पहाटे गुपचूप निघायची पद्धत आहे, म्हणजे रडारड नको. त्यानं जाणाऱ्याचा त्रास वाचतो, लेकराचा वाढतो. त्याला जागं करून, जवळ घेऊन सांगा, "आम्ही ऊस तोडायला चाललो, तू आजीपाशी राहायचं, काम झालं की आम्ही येणार." ते रडेल. रडू द्या, पण सांगून जा. गुपचूप गेला असाल तर आज फोनवर हेच सांगा, अजून उशीर झालेला नाही.

"उद्या येते" असं मात्र कुणीच म्हणू नका. कारखान्याचा पट्टा कधी पडेल हे आधी नक्की कळत नाही, म्हणून तारीखही देऊ नका. लहान मुलाला महिने कळत नाहीत, सण कळतात. "संक्रांतीला तिळगूळ खाऊ, मग होळी पेटवू, आणि कारखाना बंद झाला की आई येईल," हे त्याला समजतं.

फोन शक्यतो ठरलेल्या वेळी करा. खेपा सांभाळून रोज जमत नसेल तर दिवस ठरवा, पण तो चुकवू नका. व्हिडिओ कॉलवर कोपी दाखवा, बैल दाखवा, आई कुठं झोपते ते दाखवा. फोन ठेवल्यावर पोरगं रडतं म्हणून बरेच आजोबा फोनच बंद करतात. तसं करू नका. रडून मोकळं झालेलं लेकरू गप्प बसलेल्यापेक्षा बरं.

घरी आजीनं एवढं करावं. "शेळीला पाला टाकून येते" असं सांगून जायचं आणि लगेच परत यायचं. दिवसातून चार वेळा असं झालं की भरवसा हळूहळू परत बसतो. आईची जुनी साडी अंथरुणात द्या, तिच्या वासानं झोप लागते. जेवण, अंगणवाडी, झोप यांची वेळ रोज तीच ठेवा. "रडलास तर आई येणार नाही", "पोलीस धरून नेईल" ही वाक्यं बंद.

इतकं करून बऱ्याच मुलांना दोन-तीन आठवड्यांत उतार पडतो. महिना झाला तरी फरक नाही, खाणं सुटलंय, वजन उतरतंय, बोलणंच बंद झालंय, तर आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांनाही दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलि मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

एक गोष्ट मात्र थांबून बघायची नाही. लेकरू एका ठरावीक माणसालाच घाबरत असेल, कपडे काढू देत नसेल, लघवीच्या जागी दुखतं म्हणत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि १०९८ ला फोन करा. माणूस घरातला असला तरी.

हंगाम संपून आई दारात आली की लेकरू धावत येईल असं वाटतं. पुष्कळदा ते आजीच्या मागं लपतं, आईकडं बघतही नाही. ओढून घेऊ नका, "आईला विसरलास का" म्हणून चिडवू नका. जवळ बसा, त्याच्या ताटात जेवा. दोन-चार दिवसांनी ते आपणहून मांडीवर येतं, आणि मग काही दिवस आईचा पदर सोडत नाही. तेवढे दिवस त्याला चिकटू द्या.