गणितज्ञांची जत्रा आणि रिक्षाचा नंबर

कळंबहून निर्मळ जवळच. कार्तिकात तिथे जत्रा भरते. आम्ही सुकेळी आणायला म्हणून जातो, वाटेत दोन जुने वर्गमित्र, तीन शेजारी आणि आपले पैसे घेऊन विसरलेला एक गृहस्थ भेटतो, आणि सुकेळी राहूनच जातात. गणितज्ञांच्या परिषदांचं याहून फार वेगळं नसतं. जायचं व्याख्यानं ऐकायला आणि खरं काम उरकायचं चहाच्या टेबलाशी. आमच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत हळदी होतात, ऑफिसच्या पिकनिका होतात. गणिताची परिषद तेवढी व्हायची आहे. ती होईपर्यंत इतर ठिकाणच्या जत्रांतली ही थोडी खिरापत.

आपल्याच जिल्ह्याचा माणूस

नालासोपाऱ्याहून विरार, विरारहून डहाणू लोकल. शेवटच्या स्टेशनाच्या गावी १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. शिकले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. पुढे १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. विद्यापीठातली खुर्ची नाही, डॉक्टरेट नाही. पण मद्रासच्या गणित परिषदेत १९४९ साली या मास्तरांनी एक आकडा जाहीर केला, तो आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो: ६१७४.

खेळ पोराटोरांना जमेल असा आहे. चार आकडी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत गाडी ६१७४ वर येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

परवा सुरूच्या झाडांपुढच्या ओल्या वाळूत काटकीने मास्तरांचं जन्मवर्षच घेऊन बसलो. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ८१७२. मग ७४४३. मग ३९९६. इथे भरतीची लाट पहिल्या तीन ओळी घेऊन गेली, म्हणून चार पावलं मागे सरून ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या फेरीला ६१७४! खुद्द कापरेकरांच्या जन्मसालाला नियमात बसतील तेवढ्या सगळ्या फेऱ्या लागतात. आता गंमत बघा: परिषदेचं साल १९४९ घेतलं, तरी बरोबर सातच. योगायोग आहे, मान्य. पण असल्या योगायोगावर चहा गार होऊ द्यायला हरकत नाही.

त्या काळी आपल्याकडच्या काही गणितज्ञांनी हे सगळं पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि मग आपल्याकडेही माना डोलायला लागल्या. हे आपल्याकडे नेहमीचंच.

डोंबिवलीचंही नाव झालंय

कापरेकरांच्या काही संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणतात. हा डेमलो कोणी इटालियन पंडित नव्हे. जीआयपी रेल्वेवरच्या ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, त्याचं ते तेव्हाचं नाव. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. १६५ घ्या: कडेचे १ आणि ५ मिळून मधला ६. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये पाचाची जोडी. लोकलची वाट बघताना बाकीचे इंडिकेटरकडे बघतात. मास्तरांनी आकड्यांकडे बघितलं.

व्याख्यान झालं, बोलणं नाही

ऑक्टोबर १९०३, न्यू यॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक फळ्याशी गेले. दोनचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले. अक्षर बोलले नाहीत, तरी टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले असं सांगतात. आपल्याकडच्या परिसंवादांत आभारप्रदर्शनालाच याहून जास्त वेळ जातो.

पंगतीचं गणित

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाख इथे गणितज्ञांची एक संस्था आहे, १९४४ सालची. वर्षभर आठवड्या-आठवड्याच्या कार्यशाळा चालतात. तिथे जेवायला कुठेही बसता येत नाही. प्रत्येकाच्या नावाचा नॅपकिन असतो आणि जेवणागणिक त्यांच्या जागा बदललेल्या असतात. आपल्याच दोस्तांचं कोंडाळं करून बसायची सोय नाही. आमच्याकडच्या लग्नांत हे कोणी सुरू केलं, तर वरपक्ष आणि वधूपक्ष पहिल्याच दिवशी एकमेकांशी बोलतील.

गेऱ्हार्ड रिंगेल यांनी १९६७ साली या बसण्यावरूनच एक कोडं घातलं. गोल टेबलं आहेत. अशी व्यवस्था करा की काही जेवणांत प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाच्या शेजारी एकदा, आणि एकदाच, बसेल. पाच माणसं आणि एकच टेबल असेल तर दोन जेवणांत भागतं. सकाळी काका, मामा, मावशी, आत्या, वहिनी असे गोलात बसवा. रात्री काका, मावशी, वहिनी, मामा, आत्या. काकांच्या शेजारी सकाळी मामा आणि वहिनी होते, रात्री मावशी आणि आत्या. कोणी कोणावाचून राहिलं नाही.

पण नऊ माणसं, एक टेबल चौघांचं आणि एक पाचांचं, असं असेल तर कितीही डोकं खाजवा, जमत नाही. अकरा माणसं आणि तीन, तीन, पाच अशी टेबलं, तरीही नाही. बाकी कुठे कुठे जमतं, याचं संपूर्ण उत्तर अजून कोणाच्या हाती आलेलं नाही.

बक्षीस: एक बदक, जिवंत

पोलंडमधल्या ल्वूव शहरात गणितज्ञ ‘स्कॉटिश कॅफे’त बसत आणि सुटत नसलेले प्रश्न एका वहीत लिहीत. १९३६ साली त्यांच्यातल्याच मझूर यांनी एक प्रश्न लिहिला आणि बक्षीस लावलं जिवंत हंसबदकाचं. मध्ये महायुद्ध झालं, शहराचा देश बदलला. १९७२ मध्ये स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी प्रश्न सोडवला, आणि मझूर यांनी खरोखरच बदक त्यांच्या हातात ठेवलं. छत्तीस वर्षांनी शब्द पाळणारा माणूस!

मुंबई, फेब्रुवारी १९५६

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची कुलाब्यातली समुद्रालगतची इमारत व्हायची होती. तिचं उद्घाटन १९६२ चं. त्याआधीच संस्थेने झीटा फलांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तिथे नॉर्वेचे आत्ले सेलबर्ग आले होते. त्यांचं ‘ट्रेस फॉर्म्युला’ म्हणून गाजलेलं काम त्याच वर्षी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. संख्या सिद्धांताचा विद्यार्थी आजही त्या १९५६ च्या अंकाचा हवाला देतो. ही सोसायटी १९०७ ची. तिचं ग्रंथालय अनेक वर्षं फर्ग्युसन कॉलेजात होतं. म्हणजे पुण्याचाही यात हात आहे, आणि पुणेकर तो लपवणार नाहीत.

खडूचा साठा

जपानच्या हागोरोमो कंपनीचा खडू गणितज्ञांचा इतका लाडका, की २०१५ मध्ये कंपनी बंद होणार म्हटल्यावर नामवंत प्राध्यापकांनी पेट्याच्या पेट्या घरी भरून ठेवल्या. आगोटीला आपण सुकी मासळी भरतो, तसं. पुढे कोरियात तोच खडू बनायला लागला आणि साठेबाजांचा जीव भांड्यात पडला.

हैदराबाद, लीलावती आणि पाटण

गणितज्ञांची सगळ्यांत मोठी जत्रा दर चार वर्षांनी भरते. पहिली १८९७ साली झुरिकला. भारतात ती पहिल्यांदा आली ऑगस्ट २०१० मध्ये, हैदराबादला. फील्ड्स पदकं दिली राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी. विश्वनाथन आनंद एकाच वेळी चाळीस पटांवर खेळले. एकोणचाळीस डाव जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. बरोबरी करणारा कोणी पदकविजेता नव्हता, चौदा वर्षांचा मुलगा होता.

गणित लोकांपर्यंत नेणाऱ्याला द्यायचा ‘लीलावती पुरस्कार’ही इथूनच सुरू झाला. नाव भास्कराचार्यांच्या ग्रंथाचं. प्रतिभाताईंच्या जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, आणि निकुंभ राजाने १२०७ च्या सुमारास त्याला दान दिलं, असं तो सांगतो. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावरचं राजाचं येणं मठाला द्यावं, असा त्यात हिशेब आहे. गणित शिकायचा खर्च बाजारपेठेच्या करातून! आजच्या संशोधकांना हा लेख दाखवू नये, उगाच डोळे पाणावतील.

जाता जाता

पॉल एर्डोश हे हंगेरीचे गणितज्ञ घरदार न करता एका परिषदेतून दुसरीत फिरत राहिले. १९९६ मध्ये ते वॉर्सात वारले. तिथेही ते परिषदेलाच गेले होते.

कापरेकर १९८६ साली देवळालीत गेले. नालासोपारा स्टेशनाबाहेर रिक्षा भरेपर्यंत बसावं लागलंच, तर समोरच्या एमएच ४८ चे शेवटचे चार आकडे घ्या आणि करा सुरुवात. आधी हात साफ करायचा असेल तर १९८६ घ्या. सहा फेऱ्यांत ६१७४ आलं नाही, तर वजाबाकी पुन्हा तपासा.